शेपटीचा चिमटा

ओटिली ब्रेनेकेच्या दुकानातून आजवर एकही नमुना न चालणारा बाहेर पडला नव्हता. वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीचा नियम साधा होता. शोध लावलात ना, मग त्याचा चालता नमुना आणून दाखवा, आणि तो कुठल्याही बाजूने एका फुटापेक्षा मोठा नको. म्हणून गावोगावचे शोधक कागदावर रेघोट्या ओढून कचेरीसमोरच्या गल्लीत यायचे आणि नांगर, पाळणा, आगबोट, जे डोक्यात घोळत असेल ते वीतभर करून मागायचे. आता शोधक म्हटला की त्याचं यंत्र कागदावर पळतं आणि पितळेत उतरलं की फतकल मारून बसतं. ओटिलीचा नवरा कॉनराड होता तोवर तो अशा नमुन्यांत गुपचूप काहीतरी घालून द्यायचा, इथे एक दाता, तिथे एक फट. "गिऱ्हाइकाला सांगायचं नाही," तो म्हणायचा, "वाटू दे बिचाऱ्याला आपण हुशार आहोत." खरं तर ते दाते आणि त्या फटी ओटिलीलाच सुचायच्या. कॉनराड गेल्यावर फक्त हात बदलले.

त्या वसंतात ओहायोहून प्लमली आला. धार काढताना गाय तोंडावर शेपटी मारते, म्हणून ती शेपटी गाईच्याच पायाला अडकवायचा चिमटा त्याने काढला होता. ओटिलीने लाकडाची गाय कोरली, चिमटा घडवला, आणि बघते तर स्क्रू आवळला की शेपटी चेंगरायची, सैल केला की सुटायची. तिने चिमट्याच्या तोंडात वाटाण्याएवढी पितळी जिभली बसवली. गाय ओढेल तशी ती जिभली धरायची, माणसाने बोटाने दाबलं की सोडायची. शेपटीला केस हवे होते. घोड्याचे केस एवढ्याशा गाईला राठ दिसत होते, तेव्हा तिने आपल्याच लालभडक वेणीचं टोक कापलं.

पंधरा दिवसांनी व्हरमाँटचा ट्रास्क हजर. त्याचीही गाय, त्याचाही चिमटा. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा त्या गल्लीचा धर्म, तो ओटिलीने पाळला. पण सुटणारी शेपटी बघून तिला राहवेना. दुसरी जिभली घडली आणि वेणी आणखी बोटभर आखूड झाली.

मग दोन्ही गाई तपासनीस पेंडरगास्ट साहेबांच्या टेबलावर शेजारी उभ्या राहिल्या आणि भांडं फुटलं. दोघांच्या चिमट्यात हुबेहूब तीच जिभली. म्हणजे एकाची कल्पना दुसऱ्याला कळली, आणि ती कळणार कुठून तर दुकानातून. असा बोल एकदा लागला की मग त्या दुकानाची पायरी कुणी चढत नाही. ओटिलीला बोलावणं आलं. गप्प बसावं तर चोर, खरं सांगावं तर लोकांच्या नमुन्यात परस्पर हात घालणारी. तरी निघण्याआधी तिने कानस घेतली, काहीतरी घासलं आणि ते शिवताना बोटात घालायच्या टोपणात घालून खिशात टाकलं. बाहेर काढायची हिंमत होईल का, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"जिभली माझी," प्लमली म्हणाला.

"तुझ्या बापाने तरी पाहिली होती का?" ट्रास्क म्हणाला. "माझ्या गाई साक्षीला आहेत."

"गाईंना शपथ घालता येत नाही," साहेब म्हणाले. "प्लमली, ही जिभली करते काय?"

प्लमलीने चिमटा उलटा धरला, सुलटा धरला. "ती खुळखुळते साहेब. त्या आवाजाने गाय रमते."

"आणि तुमची हो?"

"शोभेची आहे," ट्रास्क म्हणाला. "आमच्याकडे लोक वस्तूचं रूप बघतात."

"तुमच्या गाईंचा रंग कोणता?"

"काळा."

"आमच्या पांढऱ्या," प्लमली म्हणाला.

साहेबांनी दोन्ही लाल शेपट्या बोटांत धरल्या आणि सावकाश ओटिलीच्या टोपीखालून डोकावणाऱ्या केसांकडे पाहिलं. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

चोरापेक्षा आगाऊ बरी, असं ओटिलीने ठरवलं. "केस माझे, जिभलीही माझी. दोघांच्याही शेपट्या सुटत होत्या. कुणाचं काही कुणाला कळलं नाही. मी दोनदा दुरुस्त केलं आणि दोनदा गप्प बसले, एवढंच."

प्लमली फिस्सकन हसला. "बायकांना यात काय कळतंय? नवऱ्याचं काहीतरी उचललं असेल."

हे मात्र तिला झोंबलं. तिने केसांतला आकडा काढून दोन्ही चिमट्यांतल्या जिभल्या उपटल्या. "आता अडकवा."

प्लमलीने अडकवली, शेपटी निसटली. ट्रास्कने इतका आवळला की शेपटीच तुटून त्याच्या हातात आली. ओटिलीने एक जिभली परत बसवली, उरलेली शेपटी अडकवली आणि गाय टेबलावर ओढत नेली. शेपटी सुटली नाही. मग बोटाने दाबलं, अलगद सुटली.

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, असा हात आणखी कुठल्या नमुन्यांना लावलाय?"

"वरच्या नमुन्यांच्या दालनात चला ना. कपाटं उघडा, एकेक दाखवते. ते मका पेरायचं यंत्र, मग त्याच्या शेजारचं..."

ते मका पेरायचं यंत्र साहेबांनी स्वतः पास केलं होतं. "आज विषय शेपटीचा आहे," ते घाईने म्हणाले. "जिभली या दोघांचीही नाही, एवढं ठरलं. जिचा शोध तिने अर्ज करावा. पण त्याला नमुना लागतो."

ओटिलीने खिशातलं टोपण टेबलावर पालथं केलं. वाटाण्याएवढी तिसरी जिभली बाहेर घरंगळली.

"एवढासा?"

"फुटापेक्षा मोठा नको असा नियम आहे, साहेब. लहान किती नको ते कुठं लिहिलंय?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कोरा अर्ज ओढला, टाक बुडवला आणि सवयीने लिहू लागले. "ओटिली ब्रेनेके, कैलासवासी कॉनराड ब्रेनेके यांची विधवा..."

"नुसतं ओटिली ब्रेनेके लिहा," ती म्हणाली. "पुढे शेपूट नको."