दुसरीच्या वर्गातलं पातेलं

मित्रांनो, शाळेच्या व्हरांड्यात पालथं पडलेलं एखादं मोठं, काळ्या बुडाचं भांडं तुम्ही पाहिलं असेल आणि तसेच पुढे गेला असाल. ते म्हणजे मी. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं म्हणतात मला. आता बोलायचाही कंटाळा येतो, पण एका मुलीची हकिकत माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही, म्हणून जरा बसा.

माझा जन्म इस्लामपूरकडच्या एका कारखान्यात झाला. पुढे कुतुबुद्दीनचाचांच्या भांड्यांच्या दुकानात मी चकचकीत होऊन बसलो. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीचे त्या वेळचे गुरुजी मला एसटीच्या टपावर बांधून घेऊन आले. वाटेत कशावर तरी आपटून माझ्या काठाला पोचा पडला. नव्याकोऱ्या अंगावर पोचा, म्हणून मला फार लाज वाटली होती. नंतर इतके पोचे पडले की लाज वाटायचंच बंद झालं.

तेव्हापासून मी हरणाबाईच्या हाताखाली आहे. शाळेतल्या मुलांचं दुपारचं जेवण तीच रांधते. त्या काळी वाडी माणसांनी भरलेली होती आणि मी तोंडापर्यंत भाताने भरलेला असायचो. चुलीवरून मला उतरवायला चौथीच्या दणकट पोरांना हाक मारावी लागे. माझ्यातला भात खाऊन मोठी झालेली कितीतरी मुलं फौजेत गेली. सुट्टीवर आली की शाळेत डोकावून हरणाबाईकडे वाटीभर आमटी मागायची. अशा वेळी हरणाबाई मला पदराने पुसायची. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते.

मग वाडी ओसरत गेली. पुरुष कामाला मुंबईला गेले, त्यांच्यामागून बायकामुलं गेली. उरलेल्या घरांपुढे सकाळी दहिवडीच्या शाळेची पिवळी गाडी थांबू लागली. भात इतका थोडा झाला की तो माझ्या तळालाच करपायचा. शेवटी शाळेत एक छोटा कुकर आला आणि मला व्हरांड्यात पालथं घातलं. राग नाही आला. खरं सांगायचं तर मी दमलो होतो.

हरणाबाईची नात संयोगिता दुसरीत होती. दुसरीत ती एकटीच. त्यामुळे वर्गात पहिली तीच आणि शेवटचीही तीच. आकाराम गुरुजी सगळ्या इयत्ता एकाच खोलीत शिकवायचे. माणूस भला आणि शिकवायलाही चांगला. पण मधल्या सुट्टीत चौथीच्या मुलींची आपसातच कुजबुज चाले आणि पहिलीतल्या पोरांचं अजून रडणं संपलेलं नव्हतं. संयोगिता कोणातच बसेना.

तिच्या आईला, पल्लवीला, तिला दहिवडीच्या शाळेत घालायचं होतं. हरणाबाई मात्र अडून बसली होती. जी इतकी वर्षं या शाळेला जेवू घालते, तिनेच आपली नात काढली तर बाकीचे आपली मुलं कशाला ठेवतील? पट आणखी घसरला तर शाळेला कुलूप लागेल, असं गुरुजीही तिला सारखं ऐकवत. शाळा गेली की हरणाबाईची चूलही गेली. मुलीचा बाप जयराज मुंबईत टेम्पो चालवायचा. त्याने बायकोला सांगितलं, आईला विचार. आईला सांगितलं, पल्लवीला विचार. आणि फोन ठेवून दिला. हे सगळं हरणाबाई माझ्या पाठीवर बसून तांदूळ निवडता निवडता स्वतःशीच पुटपुटायची, म्हणून मला ठाऊक.

आमच्याकडे मुलांना वाढण्याआधी एका आईने येऊन जेवणाची चव घ्यायची पद्धत आहे. पूर्वी एकदा पाळी होऊन गेली की बायका विसरूनही जायच्या. आता घरंच मोजकी उरल्याने ती लगेच फिरून येते. त्या दिवशी पल्लवीची पाळी होती. सासू-सून सकाळपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. पल्लवीने घास खाल्ला आणि मीठ बरोबर असल्याचं चुलीकडे बघत सांगितलं. सासूनेही ते चुलीकडे बघतच ऐकून घेतलं.

तेवढ्यात व्हरांड्यातून टण टण आवाज आला. पोरं मला ठोकताहेत असं वाटून हरणाबाई हातातला डाव उगारूनच बाहेर आली. तिच्यामागे पल्लवी.

संयोगिता माझ्यासमोर चमचा घेऊन उभी होती. गुरुजींसारखा घसा खाकरून तिने हजेरी सुरू केली. आधी स्वतःचं नाव घेतलं, स्वतःच हजर म्हणाली. मग पातेल्याचं नाव घेतलं आणि चमच्याने मला वाजवलं. माझी हजेरी लागली.

मित्रांनो, हे रोजचंच होतं. ती मला पाढे विचारायची, माझ्या चुका काढायची, खाऊतला अर्धा वाटा माझ्यासाठी ठेवायची आणि मग माझ्या वतीने तोही खायची. माझा फार जीव होता तिच्यावर. पण सोबती म्हणून मी काय कामाचा? मला तिच्याशी साधं भांडताही येत नव्हतं.

हरणाबाईने डाव खाली घेतला. "कुणाशी बोलतीस गं?"

"माझ्या वर्गातलं हाय," संयोगिता म्हणाली. "त्येला काय बी येत न्हाई. पर ते कुटं जात न्हाई."

हरणाबाई तिथेच पायरीवर बसली. पल्लवीला हवं ते आयतंच हाती आलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "आवं आत्या, भात निवतोय."

त्याच दुपारी हरणाबाईने गुरुजींना नातीला दहिवडीच्या शाळेत घालायचा आपला निर्णय सांगितला. यंदाचं वर्ष तरी थांबा, अशी त्यांनी गळ घातली.

"गुरुजी, तुमी चांगलं शिकीवता, मी बी चांगलं रांधते," ती म्हणाली. "पर शाळा जगवायची म्हणून पोरीला अशी एकलीच बशीवून ठिवायची, ह्ये माझ्यानं हुणार न्हाई."

गुरुजी चष्मा पुसत राहिले. त्यांची स्वतःची मुलगी इथे नाही, साताऱ्यात शिकत होती.

जूनमध्ये पिवळी गाडी संयोगितासाठीही थांबली. जाताना ती माझा निरोप घ्यायला आली नाही. मुलांना अशा गोष्टी सुचत नाहीत, आणि ते बरंच आहे. शाळा अजून चालू आहे, पण किती दिवस चालेल ते कोणालाच माहीत नाही. हरणाबाई माझ्या पाठीवर बसून तांदूळ निवडते, पण आता पुटपुटत नाही. तिने केलं ते बरोबर की चूक, हे मला ठरवता येत नाही. मला करमत नाही, एवढं मात्र खरं.

मित्रांनो, मला घासूनपुसून जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. भंगारवाला आला तर मी मुकाट्याने जाईन. पण तुमच्या वर्गात एखाद्या वाडीवरून नवी मुलगी आली असेल. ती फारसं बोलणार नाही, कारण समोरचाही बोलतो याची तिला सवय नाही. तिची चेष्टा करू नका. बाकावर थोडं सरका, आणि तिने काही विचारलं तर तिला उत्तर द्या. मला ते कधीच देता आलं नाही.