टेकलेल्या टाचा

"टेकल्या! टेकल्या!" सभागृह दणाणलं. एका पोरीच्या टाचा जमिनीला टेकल्या म्हणून शहाणीसुरती माणसं खुर्च्यांवर चढून टाळ्या पिटत होती.

मंचावरून पुढे येत होती भिंगरी. सहा वर्षांची, स्वमग्न, फारसं न बोलणारी. चवड्यांवर चालायची, मनात आलं की गरगर फिरायची, म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलेलं. मी तिची फिजिओथेरपिस्ट. तिच्या आखडलेल्या पोटऱ्या ताणायच्या, तोल सांभाळायला शिकवायचं, हे माझं काम. पण कित्येक महिन्यांत आईनं तिला आणलंच नव्हतं. "व्यायाम बंद! त्यानं माझी शक्ती गळते," अशी पाऊलगुरूंची, म्हणजे नुसत्या कृपेनं पावलं बरी करतो म्हणणाऱ्या या बुवांची, आज्ञा! आज आईनंच मला बोलावलं होतं. "मॅडम, स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"विज्ञान टाचेपाशी येऊन थांबतं!" गुरू गरजले. "मी तिथून सुरुवात करतो! धरतीनं लेकराला जवळ ओढलं!"

मी पुढे वाकून पाहिलं. टाचा खरंच टेकत होत्या.

भिंगरीच्या मुठीत नेहमी दोऱ्याचं रिकामं रीळ असतं, आईच्या शिलाई मशीनवरचं. ते खाली आडवं ठेवून बघत बसणं हा तिचा लाडका खेळ. माझ्या दवाखान्यातल्या फरशीवर ते ठेवलं तिथंच राहायचं. इथं तिनं ठेवताच ते घरंगळलं आणि थेट लोकांच्या पुढ्यात पडलं. भिंगरी खुदकन हसली. माझी मात्र ट्यूब पेटली.

"गुरुजी, आता तिला मागे वळवून चालवा."

"शक्ती मागे वळत नाही, ताई!"

"पोरगी वळते ना?"

मी रीळ घेऊन मंचावर चढले आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन ते धरलं. भिंगरी माझ्याकडे निघाली. टाचा वर, आधीपेक्षाही वर! मी मंचावर अंथरलेलं लाल कापड ओढलं. खाली फळ्या, मागून उंच, पुढे उतरत्या.

"बघा," मी ओरडले. "तोंड उताराकडे असलं की टाचेखालची बाजू उंच होते. उंच टाचांची चप्पल घातल्यासारखं. पाय होता तसाच आहे!"

गुरूंनी बाजूच्या दारातून काढता पाय घेतला. काही माणसं गेली. बरीचशी तिथंच थांबली, गुरू परत येतील म्हणून.

बाहेर बाकावर मी भिंगरीचं पाऊल हातात घेऊन वर वळवून पाहिलं. पूर्वी सरळ काटकोनात यायचं, आता निम्म्यातच अडलं. मला संताप आला, रडूही आलं.

"घरी ती चवड्यांवरच चालायची," आई खालमानेनं म्हणाली. "मला दिसत होतं हो. पण तिथं वर, घटकाभर का होईना, ती चारचौघींसारखी दिसायची."

ओठांवर आलेले कठोर शब्द मी गिळले. "ती चारचौघींसारखी नाही, आणि व्हायलाही नको. पण पोटरी रोज ताणायलाच हवी."

"आता टेकतील ना टाचा?"

"खोटं सांगणार नाही. वेळ बराच गेलाय. उद्या घेऊन या."

म्हणून तुम्हालाही हात जोडून सांगते. गुरू असो, वैद्य असो, नाहीतर मी असो. तुमच्या लेकराच्या बाबतीत कुणीही चमत्कार दाखवला, तर आधी त्याला म्हणा, माझ्या घरच्या सपाट फरशीवर दाखव.