पूजेआधीचं बोर

ढाकुरियाच्या पुलाखाली रविवारचा वर्ग भरला होता आणि टुसी भिंतीकडे तोंड करून बसली होती. उद्या शाळेच्या मोठ्या बाई तिची परीक्षा घेऊन ठरवणार होत्या, तिसरीत घ्यायची की पहिलीत. पहिलीत म्हणजे धाकट्या भावाच्या, भोंबलच्या बाकावर. दहा वर्षांची मी त्या शेंबड्याशेजारी बसणार नाही, त्यापेक्षा आईबरोबर भांडी घासीन, असं तिनं आधीच ठणकावलं होतं. आणि ती बोलली की करणारी पोरगी.

तोर्साचा जीव नुसता टांगणीला लागलेला. कॉलेजात फिजिक्स शिकणारी ही मुलगी दोन वर्षं ऊनपाऊस न बघता इथे शिकवायला येत होती, आणि टुसी तिची सगळ्यात लाडकी.

"आठ सत्ते?" तिनं विचारलं.

"येत नाही."

"अगं, काल तर घडाघडा म्हणत होतीस!"

"काल येत होतं, दिदी. मग मी बोरं खाल्ली."

सगळा वर्ग आ वासून टुसीकडे बघायला लागला. बघणारच! सरस्वतीपूजा बुधवारी, आणि पूजेआधी बोर खाल्लं की देवी विद्या काढून घेते, हे आमच्या कलकत्त्यात दूधपित्या पोरालासुद्धा ठाऊक असतं.

"किती खाल्लीस?" भोंबलनं विचारलं.

"ओंजळभर. मीठ लावून."

"मेलीस!" भोंबल खूश होऊन म्हणाला. "आता बस माझ्या बाकावर!"

तोर्सा खवळली. "काय खुळ्यासारखं बोलता रे! बोर जातं पोटात, पाढे असतात डोक्यात. एकमेकांची गाठ तरी पडते का?"

टुसी वळली. फ्रॉकच्या खिशातून तिनं एक बोर काढलं, फ्रॉकलाच पुसलं आणि पुढे केलं. "मग तू खा."

आता आली का पंचाईत! ग्रहताऱ्यांची गणितं सोडवणारी, घरी आईशी देवधर्मावरून कडाकडा भांडणारी आमची तोर्सा पूजेआधी बोरवाला दिसला तरी रस्ता ओलांडायची. जन्मात एक खाल्लं नव्हतं. त्यात गुरुवारी तिचा पेपर, तोही गेल्या खेपेला गटांगळी खाल्लेला.

"मला जरा खोकला झालाय," ती म्हणाली.

"दिदी घाबरली, दिदी घाबरली!" पोरं नाचायला लागली.

टुसी मात्र नाचली नाही. तिची हनुवटी थरथरत होती. ते बघितलं आणि तोर्सानं डोळे मिटून बोर तोंडात टाकलं, चावलं, बी थुंकली.

पुलावरून एक बस गेली. बाकी काही झालं नाही.

"आठ सत्ते?" टुसीनं दरडावून विचारलं.

"छप्पन."

"तेरा नव्वे?"

"एकशे सतरा."

"अय्या, तुझी विद्या गेली नाही!" टुसी पुटपुटली. मग हळूच, चाचपडत, तिनं आपलाही पाढा म्हणून बघितला. जागच्या जागी होता.

सोमवारी तिला तिसरी मिळाली. तोर्सा पुलाखाली वाट बघत होती, तिथे रेल्वेच्या रुळांच्या कडेनं बोंबलतच आली पोरगी. तोर्सानं तिला उचलून गरगर फिरवलं आणि घरी जाऊन पेपरच्या पुस्तकाचं एकच पान पुन्हापुन्हा वाचलं. एक अक्षर डोक्यात शिरेना. बोर आडवं येत होतं मेलं!

बुधवारी पुलाखाली पोरांची पूजा होती. वीतभर मूर्ती, मोठं पातेलं भरून खिचडी. पूजेच्या दिवशी पुस्तकाला कुणी हात लावत नाही, पण उद्या पेपर म्हटल्यावर तोर्सानं पुस्तक पिशवीत लपवून आणलं होतं. परत जाताना बसमध्ये गुपचूप वाचू, कोण बघतंय! जेवताजेवता तिनं पिशवी जवळ ओढली, तर ती हलकी लागली.

पुस्तक देवीच्या पायाशी होतं. वर टुसीचं तिसरीचं नवंकोरं पुस्तक, त्यावर झेंडू.

"टुसे! उद्या पेपर आहे माझा!"

"म्हणून तर ठेवलं." टुसी हात पसरून आडवी उभी राहिली. "उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. मी देवीशी बोललेय. म्हटलं, ते बोर दिदीच्या नावावर धरू नकोस, माझ्या नावावर धर. मला काय, तिसरी मिळालीय."

तोर्सानं नाक ओढलं आणि ताटली पुढे केली.

"वाढ आणखी," ती म्हणाली. "आज काही वाचायचं नाहीये मला."