माझ्यावर ‘बाद’ लिहिलंय

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. तोंडाला पाणी सुटू देऊ नका, मी खाण्यातली नव्हे! थोड्याशा रक्तातून कर्करोगाचा माग काढणारी, बोटाएवढी पारदर्शक चिप आहे मी. माझ्या पाठीवर काळ्या शाईने ‘बाद’ असं लिहिलं आहे. लिहिलंय तर लिहिलंय. मी बाद नाही, आणि हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म दोन बहिणींच्या प्रयोगशाळेत झाला. थोरलीने साच्यात पातळ रबर ओतलं, भट्टीत तापवलं आणि मला काचेवर घट्ट बसवलं. माझ्या अंगात केसाहून बारीक अशा दोन वाटा आहेत आणि त्यांत इवलेइवले खांब. खांबांना असा लेप दिलाय, की रक्तातल्या बाकीच्या पेशी निसटून जातात आणि कर्करोगाची पेशी तेवढी चिकटून बसते. वरून रंग सोडला की ती भिंगाखाली हिरवी चमकते. भिंगाला डोळा लावायचं काम धाकटीचं.

आजाऱ्यांचं रक्त घालण्याआधी आमची परीक्षा होते. निरोगी माणसाचं रक्त सोडायचं, त्यात काहीही चमकता कामा नये. हे रक्त कायम थोरलीचं. ‘माझ्याइतकं ठणठणीत कोण आहे इथे?’ असं म्हणत ती बाही वर करायची.

आणि तिच्याच रक्तात हिरवे ठिपके चमकले! आधी माझ्या बहिणींमध्ये, म्हणजे माझ्याआधीच्या चिप्समध्ये. ‘लेप बिघडलाय,’ असं म्हणून थोरलीने त्या सगळ्या कचऱ्यात टाकल्या. नवा लेप, नव्या चिप्स, पुन्हा तेच ठिपके, पुन्हा कचरा. काय घोडं मारलं होतं हो त्यांनी कुणाचं? खरं बोलल्या, एवढंच ना! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग माझी पाळी आली. माझ्या एका वाटेत थोरलीचं रक्त सोडलं आणि ठिपके चमकले. तिने वैतागून माझ्यावर ‘बाद’ लिहिलं आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. धाकटीने मला तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

‘थांब ताई. हिची दुसरी वाट कोरी आहे. तिच्यात माझं रक्त घालते.’

‘घाल की. तेच दिसणार!’

धाकटीने स्वतःचं रक्त काढून सोडलं, रंग दिला आणि भिंगातून पाहिलं. दुसरी वाट स्वच्छ होती. लेप तोच, रंग तोच, काच तीच. फरक फक्त रक्ताचा. तिला भिंगावरून डोळा काढवेना.

‘अगं, बोल ना,’ थोरली म्हणाली.

‘ताई, चिप बरोबर आहे.’

थोरलीने तिला बाजूला सारून स्वतः भिंगात पाहिलं. ‘काहीतरीच बोलू नकोस. मला साधा खोकलासुद्धा नाही.’

अगं बाई, वाद कसला घालतेस, डॉक्टरांकडे जा, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड नाही. धाकटीला होतं. ‘तू आधी चपला घाल,’ ती म्हणाली आणि तिने बहिणीचा हात धरला तो सोडलाच नाही.

डॉक्टरांनी रीतसर तपासण्या केल्या. आतड्यात लहानशी गाठ निघाली. वेळेत सापडली, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि पार वाळलेली थोरली एकदाची कामावर आली. तिने मला उचललं आणि शाई पुसायला स्पिरिटचा बोळा घेतला. मग तो खाली ठेवला.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘माझंच अक्षर आहे. मला रोज दिसू दे.’

आता निरोगी म्हणून तिचं रक्त कुणी घेत नाही. डॉक्टरांच्या तपासण्या चालूच आहेत, शिवाय अधूनमधून ते नव्या चिपमध्येही जातं. तेव्हा ती टेबलाची कड घट्ट धरून उभी असते. परवा धाकटी म्हणाली, ‘ताई, स्वच्छ आहे.’

‘चिप बरोबर आहे ना गं?’ थोरलीने विचारलं, आणि दोघी हसता हसता रडल्या.

मित्रांनो, आपल्या तब्येतीची हेळसांड करू नका. आणि कुणी नकोसं उत्तर दिलं, तर त्याला कचऱ्यात टाकण्याआधी एकदा नीट बघा. मी खोटं बोलले नव्हते. आणि कचऱ्यात गेलेल्या माझ्या बहिणीही खोटं बोलल्या नव्हत्या.