कॅप्टन जानरावची चौकशी

मेजर साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, मानेचा घाम पुसला आणि चावडीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांकडे बघत हिंदीत विचारलं की मराठी-हिंदी दोन्ही नीट येणारा इथे कोण आहे.

सगळ्या गावाने माझ्याकडे बघितलं.

तसं मोडकंतोडकं हिंदी आमच्या रोहिणखेडात बऱ्याच जणांना यायचं. पण माझी कीर्ती निराळी होती. एकदा वसुलीला आलेल्या कारकुनाला मी बहिऱ्याचं सोंग घेऊन दुपारपर्यंत ओरडायला लावलं होतं, शेवटी त्याचा घसा बसला आणि मीच त्याला खडीसाखर दिली. तेव्हापासून सरकारी माणूस आला की पुंजाजीला पुढे करायचं, असं ठरूनच गेलं होतं. एरवी मी लग्नाकार्यात गॅसबत्त्या भाड्याने देणारा माणूस. दिवसा मला काम काय?

मी उठलो, मेजर साहेबांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो. समोर भिंतीला टेकून कॅप्टन जानराव बसला होता. कडक इस्त्रीचा गणवेश, मांडीवर टोपी. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्या दिवशी शहाण्यासारखा वागणार नाही हे त्याला तिथेच कळलं असावं.

जानराव म्हणजे हिंमतरावांचा मोठा पोरगा. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर. मी सातवीतच राहिलो, तो नागपूरला जाऊन डॉक्टर झाला. चीनच्या लढाईनंतर फौजेला डॉक्टर कमी पडायला लागले, तेव्हा हा गेला. लेफ्टनंट म्हणून घेतला, वर्षभरात कॅप्टन केला. पण ही भरती मुदतीची होती. मुदत संपली की घरी, नाहीतर निवड होऊन कायम.

हे सगळं त्याने मला मळ्यातल्या विहिरीवर पाय सोडून बसल्या बसल्या समजावून सांगितलं होतं. कायम झालेला डॉक्टर पुढे रीतसर मेजर होतो. आणि मुख्य म्हणजे त्यातल्या काही जणांना फौज पुण्याला पाठवते, पूर्ण पगारावर, सर्जन करायला. मी विचारलं, मेजर झाल्यावर पगार किती वाढते.

"पगाराचं सोड बे," तो म्हणाला. "मले कापाचं शिकाचं हाय."

मग त्याने पासष्टच्या लढाईतलं एक सांगितलं. सियालकोटच्या बाजूला, तंबूत, एक पोरगा आणला होता. वरून लहानशी जखम, आणि रक्त सगळं पोटात. सर्जन मागच्या इस्पितळात, आणि रस्ता बंद. "मले समजत होतं काय झालं ते. कुठं झालं तेही समजत होतं. हात माहे रिकामे होते." त्या पोराचा हात धरून तो बसून राहिला, एवढंच. जानराव निवडीच्या निकालाची एवढी वाट का बघतो, ते मला त्या दिवशी समजलं.

निवडीला अट एकच मोठी, नाव स्वच्छ पाहिजे. फौजेच्या डॉक्टरने बाहेरच्या रोग्याकडून काहीही घ्यायचं नाही. सुट्टीवर असला तरी नाही.

आता सुट्टीत हा घरी आला की अंगणात रांग. कोणाचा ताप, कोणाचं गळू, कोणाला दिवस गेलेले. आणि आमच्याकडची समजूत अशी की औषधाचं काहीतरी ठेवल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर गुण येत नाही. पैसे कोणाजवळ असतात? कोणी अंडी ठेवायचं, कोणी वांगी, कोणी पदरातली ज्वारी. जानराव सगळं परत द्यायचा. प्रेमाने द्यायचा, पण द्यायचाच. त्याच्या बायकोला, सुभद्राबाईला, त्याने ताकीदच दिली होती की ओट्यावर वांगं जरी राहिलं तरी ज्याचं त्याच्या घरी पोचलं पाहिजे. लोक परत न्यायचे, पण मान खाली घालून. मनकर्णाबाईचं तर विचारूच नका. कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट पायात घुसून तिचा पाय सुजून काळा पडला होता. जानरावने रोज तिच्या झोपडीत जाऊन पू काढला, पट्टी बांधली. ती रांडवलेली बाई, दुसऱ्याच्या वावरात राबून खाणारी. तिच्याजवळ ठेवायला काहीच नव्हतं, म्हणून तिला परत न्यायचंही काही नव्हतं.

आणि कोणीतरी निनावी अर्ज टाकला. कॅप्टन सुट्टीत धंदा करतात, धान्य गोळा करतात. कोणी टाकला ते कळलं नाही. माझा एकावर संशय आहे, पण तो आता नाही, आणि मेलेल्या माणसाची गंमत करण्यात मजा नाही.

जानरावने अर्जाचं घरी सांगितलं नाही. हिंमतराव काठी घेऊन निघाले असते. एवढंच सांगितलं की मोठे साहेब येऊन राह्यले, निवडीच्या आधी चौकशी करतात. मला मात्र खरं माहीत होतं. मी म्हटलं, चार माणसं मी पढवून ठेवतो.

"कोणाले काही शिकवू नोको," तो म्हणाला. "मी घेतलंच नाही, तर सांगतीन काय?"

पण हिंमतराव थोडेच गप्प बसतात? त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं, आपल्या जानरावच्या मेजरकीची चौकशी हाय, वजनानं बोलजा. आता गावाला चौकशी एकच माहीत. मुलीवाले येतात, पाराशी बसतात, विचारतात की पोरगा कसा. तेव्हा गाव काय सांगतं? पगार तर हाय, पण वरकमाईही लय हाय. घरात धान्य मावत नाही. खोटं असलं तरी सांगायचं असतं, त्यात गावाची इज्जत असते. त्याच तयारीने सगळे धुतलेले कपडे घालून चावडीत आले होते.

पहिला कडूबा. मेजर साहेबांनी विचारलं, डॉक्टरने इलाजाचं काही घेतलं का. कडूबाने छाती काढून, मागे गावाकडे वळून सांगितलं, "घेतलं न. आपण का भिकारी हाओ? डझनानं अंडे देल्ले."

मी हिंदीत सांगितलं, "कहता है, कुछ नहीं लिया साहब. बड़े भले डॉक्टर हैं."

कडूबा आपल्याच टाळ्या घेण्यात गुंग होता. मेजर साहेबांनी लिहून घेतलं. जानरावने डोळे मिटले.

दुसरी जनकाबाई. तिने वांग्याची टोपली दिली म्हणून सांगितलं. मी म्हटलं, कहती है, टोपली डॉक्टरने वापस भेज दी. हे तर खरंच होतं, त्यामुळे माझा आवाजही चांगला खणखणीत लागला. मला वाटलं, असंच शेवटापर्यंत निभतं. खरं सांगायचं तर मला मजाही यायला लागली होती.

मग मनकर्णाबाई उठली. अजून जरा लंगडत होती. टेबलासमोर येऊन तिने पदर नीट केला आणि आवाज चढवून म्हणाली, "दोन पायल्या ज्वारी देल्ली मी डॉक्टरले. निवडून, पाखडून देल्ली."

तिच्या घरी दोन पायल्या ज्वारी एका वेळी कधी नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण कोणी हसलं नाही.

मी सांगितलं, "कहती है, साहब, ये गरीब औरत है. इसने कुछ नहीं दिया."

आणि तिथेच फसलो. मनकर्णाबाईचं अर्धं आयुष्य मशिदीमागच्या मोहल्ल्यातल्यांच्या वावरात निंदणीला जाण्यात गेलेलं, हिंदी तिला सगळं कळायचं. ती माझ्याकडे वळली.

"काऊन बे पुंज्या, काय सांगून राह्यला तू साहेबाले? मी फुकट इलाज घेतला म्हणतं?" मग सरळ मेजर साहेबांना, "झूट बोलता ये. हम दिया. दो पायली ज्वार दिया. सब गाव के सामने बोलती मैं, दिया."

कडूबा उठला, मैं भी दिया म्हणाला. मागून आणखी दोघं उठले. जिकडेतिकडे अंडी, वांगी, तुरीची डाळ. मेजर साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि मला सभ्यपणे सांगितलं की तुम्ही आता बसा. मी कडूबाच्या मांडीला मांडी लावून बसलो.

माणूस वाईट नव्हता तो. एवढ्या गलक्यातही त्याला काहीतरी वेगळा वास आला असावा. त्याने जानरावला उभं केलं आणि हळू आवाजात विचारलं. मी पुढेच होतो म्हणून मला ऐकू आलं. बाकीच्यांचं मी बघून घेईन, तो म्हणाला, गावातली माणसं उत्साहात बोलतात. पण ही बाई ठाम सांगते आहे. ती खोटं बोलते असं तुम्ही म्हणा, मी तुमचा शब्द लिहितो. अधिकाऱ्याचा शब्द आहे.

जानरावने मनकर्णाबाईकडे बघितलं. ती टेबलाची कड धरून उभी होती, दुखऱ्या पायावर भार न देता. मान मात्र वर. मी त्या बाईला जन्मभर ओळखतो, पण मान वर करून चावडीत उभी असलेली तिला मी तेव्हा पहिल्यांदा बघत होतो.

"दी थी, सर," जानराव म्हणाला. "दो पायली."

मेजर साहेबांनी लिहिलं, आणि मनकर्णाबाईचा अंगठा घेतला. अंगठा पुसायला तिने पदर पुढे केला नाही. शाईचा अंगठा तसाच उभा धरून जागेवर जाऊन बसली.

गावाला वाटलं, जिंकलं. हिंमतरावांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. जीपमध्ये बसताना त्यांनी मेजर साहेबांना विचारलं, होईन न काम? साहेब म्हणाले, आपका बेटा बहुत अच्छा आदमी है. झालं, यापेक्षा पक्का निकाल गावाला कोणता पाहिजे?

संध्याकाळी मी जानरावला मळ्याच्या वाटेवर गाठलं. त्याने गणवेश उतरवला होता. मी म्हटलं, एक शब्द म्हणायचा होता, नाही. एवढा शिकलेला माणूस तू.

"तिनं गावासमोर म्हटलं, मी देल्लं," तो म्हणाला. "मी नाही कसा म्हणू?"

"अन् पुणं?"

त्याने बांधावरचं ढेकूळ पायाने फोडलं आणि चालायला लागला.

शिक्षा काही झाली नाही. पण कायम करायच्या यादीत त्याचं नाव आलं नाही, आणि मुदत संपल्यावर फौजेने त्याला कॅप्टन म्हणूनच मोकळा केला. थंडीत तो एस.टी.तून उतरला तेव्हा हिंमतरावांनी डफडेवाले बोलावले होते. त्यांचा हिशेब सरळ होता, मेजर झाल्यावर पोरगा पेन्शन घेऊन आला. लोक मेजर साहेब, मेजर साहेब म्हणत हार घालत होते. जानरावने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. बोलू नको. मी बोललो नाही. हिंमतराव पुढे वारले, ते मेजरचा बाप म्हणूनच.

त्याने मोताळ्याला दवाखाना टाकला. लोक जे ठेवतील ते तो आता मुकाट ठेवून घ्यायचा. चांगला चालला दवाखाना. तापाला, बाळंतपणाला त्याच्यासारखा हात नव्हता. कापायचं काही असलं की मात्र चिठ्ठी लिहून बुलढाण्याला पाठवायचा.

एका पावसाळ्यात मनकर्णाबाईचं पोट दुखायला लागलं. मी तिला बैलगाडीत घालून त्याच्याकडे नेलं. त्याने पोटावर हात ठेवला, एका जागी दाबलं, ती कळवळली. त्याचा चेहरा मी बघितला. काय झालं ते त्याला समजलं होतं, कुठे झालं तेही.

"माय, बुलढाण्याले न्या लागते. ऑपरेशन हाय."

"तिकडं काऊन? तू कर न."

"मले येत नाही, माय."

तिला ते खरं वाटेना. "येवढा मेजर तू," ती म्हणाली, "अन् तुले येत नाही?"

"नाही येत. ते राहून गेलं."

दवाखाना बंद करून तो आमच्याबरोबर भाड्याच्या जीपमध्ये बसला. राजूरच्या घाटात प्रत्येक वळणावर तिचं डोकं मांडीवर सावरून धरत होता. मोठ्या दवाखान्यातला सर्जन पोरगेलासा होता. त्याने विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जानराव म्हणाला, आम्ही तिच्या गावचे.

नर्सने तिच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून लुगड्यात बांधली आणि ते गाठोडं जानरावच्या हातात दिलं. स्ट्रेचर ढकलायला लागले तसं मनकर्णाबाईने मान उचलली आणि नर्सला सांगितलं, "याले आत येऊ द्या बाई. आमचा मेजर हाय हा."

नर्स म्हणाली, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.

दार लोटलं गेलं. दाराला वर एक गोल काच होती. आत मोठा दिवा लागला तसा उजेड त्या काचेतून बाहेर आला. जानराव काचेपाशी गेला आणि टाचा उचलून आत बघायला लागला. मी बाकावर बसलो, त्यालाही बसायला जागा केली. तो आला नाही. आत सर्जनने हात पुढे केला असावा, कारण गाठोड्याखाली जानरावची बोटं हत्यार धरल्यासारखी हळूहळू हलायला लागली होती.