शालूबाईच्या मांजरीची फणी

मी एक शिसवी फणी बोलते आहे. माझ्या जन्माविषयी मला ठाऊक आहे ते ऐकीव आहे. १९४६ च्या होळीनंतर हरणाबाई पलूसला आपल्या लेकीकडे, शालूबाईकडे आल्या होत्या. मला रहिमतपूरच्या बाजारात घेतले आणि लेकीच्या लग्नात फणेरपेटीत घालून दिले, हे तेव्हा त्यांच्याच तोंडून ऐकले. पुढचे मी स्वतः पाहिले आहे.

माझे दात बारीक आणि दाट. शालूबाईच्या केसांतली ऊच काय, लीखही माझ्यातून सुटत नसे.

त्याच उन्हाळ्यात घरच्या मांजरीला पिसवा झाल्या. भुईमुगाच्या बियाण्याची राखण तिच्यावर होती आणि ती नुकतीच व्यायली होती. परंतु पिसवा वाकळेत शिरल्या; शालूबाईच्या तान्ह्या मुलाचे पाय चावून लाल झाले. सासू बनुबाईंनी निक्षून सांगितले, की येत्या बाजारापर्यंत पिसवा गेल्या नाहीत तर मांजर पोत्यात घालून कृष्णेपलीकडे सोडायचे. पिलांचे डोळेही अजून उघडले नव्हते.

शालूबाईचा नवरा नाथाजी नुकताच फौजेतून परतला होता. त्याने ट्रंकेतून डीडीटीच्या पावडरीचा डबा काढला. छावणीत ही पावडर सदऱ्याच्या गळ्यातून फुंकत आणि उवा मरत, हे तो मोठ्या ऐटीत सांगे. मांजरीला शेपटापर्यंत पांढरी करायची, असा त्याचा बेत होता. त्याने झाकण उघडले, तोच शालूबाईने त्याचा हात धरला.

"आवं, थांबा. अंगावर टाकाल ते हिच्या पोटात जाईल."

"अगं, आख्ख्या पलटणीला लावली. एक गडी मेला न्हाई."

"पलटण अंग चाटत हुती व्हय?"

बनुबाई पदराआड हसल्या. नाथाजी मात्र विचारात पडला. छावणीत पावडरीचे हात धुतल्याशिवाय जेवायला बसू देत नसत, हे त्याला आठवले. त्याने झाकण घट्ट लावले.

शालूबाईने फणेरपेटी उघडून मला बाहेर काढले. बायकांच्या डोक्याची फणी मांजराला लावायची, हे बनुबाईंना रुचले नाही.

"डोस्क्याला दुसरी मिळंल, आत्याबाई," शालूबाई म्हणाली. "असलं मांजर कुठनं मिळायचं?"

नाथाजीने मांजरीला गोणपाटात सैलसर गुंडाळून मांडीवर धरले. शालूबाई तिच्या अंगाचा एकेक भाग मोकळा करी आणि मला मानेकडून शेपटाकडे, केसांच्या वळणानेच, हळूहळू फिरवी. माझ्यात अडकलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवी. मांजरीने एकदा नाथाजीला ओरबाडले. त्याने ते लढाईतल्या जखमेसारखे मिरवले. वाकळा उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घातल्या. हे रोज चालले. बाजाराच्या दिवशी बनुबाईंनी वाकळ झटकून पाहिली, बाळाचे पाय पाहिले आणि मांजरीसाठी ठेवलेल्या पोत्यात शेंगा भरायला घेतल्या.

आज माझे दोन दात मोडले आहेत. फणेरपेटीत मला जागा नाही. मी स्वयंपाकघराबाहेर खुंटीला असते. तरी आळीतल्या बायका मांजरासाठी मलाच मागून नेतात, आणि याचा मला अभिमान आहे. माझी विनंती एवढीच: औषध कोणतेही असो, मांजर ते चाटणार, हे डबा उघडण्याआधी ध्यानात घ्या.

त्या पावडरीने ती मांजरी खरोखर दगावली असती का, हे मात्र मला खात्रीने सांगता येत नाही. ते पडताळून पाहण्याची वेळ शालूबाईने येऊच दिली नाही.