पाठमोरं बोलणं

कापड गिरणीतल्या मागाच्या खात्यात कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. दोन्ही अंगांनी माग खडाखडा आपटायचे, धोटे इकडून तिकडे फेकले जायचे, आणि त्या दणदणाटात माणसाचा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढं टिमकी. म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलायची. आवाज काढायचाच नाही, ओठ मात्र नीट, ठसठशीत हलवायचे. पलीकडच्या रांगेतला माणूस वाचून उत्तर द्यायचा. भांडणं, थट्टा, उसनवारी, सोयरिकी, सगळं त्या बोलीत चालायचं.

ती तिथं धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरायला लागली तेव्हा नुकती वयात आली होती. कांडीवाली हे नाव तेव्हा पडलं ते खातं बंद पडल्यावरही सुटलं नाही. आणि तो जॉबर, म्हणजे बिघडलेला माग उघडून दुरुस्त करणारा. तेलाची बुधली हातात धरून दोन रांगांपलीकडून तो तिला पहिल्यांदा काही बोलला, ते हे, की तुझ्या केसांत सुताचं भेंडोळं अडकलंय. त्याचा आवाज तिनं ऐकला तो संध्याकाळी फाटकाबाहेर, आणि ती दचकलीच. एवढा काडीपैलवान माणूस, आणि आवाज रिकाम्या रांजणातून यावा तसा भरदार. पुढं ती शेजारणींना सांगायची, "आवाज ऐकून हो म्हटलं बाई. चेहरा बघून ठरवलं असतं तर अजून माहेरीच असते."

संसार झाला, लेक झाली, लेक नांदायला दूरच्या गावी गेली. दरम्यान मागांनी तिचे कान हळूहळू खाऊन टाकले. तिला त्याचं फारसं दुःख नव्हतं. ओठ वाचायची सवय होतीच. नवरा समोर बसून बोलला की ती त्याच्या ओठांकडे बघायची, आणि मनात तोच फाटकाबाहेरचा रांजणातला आवाज वाजायचा. इतका स्पष्ट, की आपण ऐकत नाही, वाचतो, हेही ती विसरून गेली होती.

घात झाला तो तिथंच.

जॉबरचा आवाज बसला होता. आधी खरखर, मग घोगरेपणा, मग शब्दाचा मागचा भाग नुसती हवा. वाण्याला कळलं, दूधवाल्याला कळलं, शेजाऱ्याला कळलं. पण जो तो मनाशी म्हणाला, घरात बायको आहे की बघायला. लेकीनं फोनवर ओळखलं आणि ती सुट्टी काढून आली. स्वयंपाकघरात तिनं आईला समोर धरून विचारलं, बाबांचा आवाज असा का झालाय, कुणाला दाखवलं का.

"काहीतरीच तुझं," कांडीवाली म्हणाली. "त्यांचा आवाज आहे तसा आहे. मी काय रोज ऐकत नाही?"

जॉबर तिथंच स्टुलावर बसून टेबलपंख्याचा स्क्रू पिळत होता. त्यानं मान वर केली नाही. लेकीला वाटलं, ऐकू कमी येत असलं तरी आई चोवीस तास बरोबर असते, तिच्याहून मला काय जास्त कळणार. ती परत गेली. त्या एका वाक्यात मोलाचे महिने गेले. पुढं घासागणिक ठसका लागायला लागला, थुंकीत रक्ताची तार दिसली, लेक पुन्हा आली, आणि मग धावाधाव सुरू झाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या तोंडाला पट्टी. ओठ दिसायचेच नाहीत. म्हणून लेकीनं पूर्वी आणून दिलेलं, आणि भांडी फार आदळतात म्हणून कपाटात फेकून दिलेलं कानाचं यंत्र बाहेर निघालं. लेकीनं ते स्वतःच्या हातानं आईच्या कानात बसवलं. खुर्च्या किरकिरल्या, कुणी खोकलं, कागद फडफडले. मग शेजारून कुणीतरी आपलं वय सांगितलं. सुकलेला पट्टा चाकावरून घसरावा तसा आवाज. कोण बाई हा माणूस, म्हणून तिनं वळून पाहिलं.

तो तिचा नवरा होता.

डॉक्टरीणबाई शांतपणे, न घाबरवता बोलल्या. कॅन्सर स्वरयंत्रात आहे आणि त्याच्या कूर्चेपर्यंत, म्हणजे तिथल्या मऊ हाडापर्यंत पोचलाय. वाटा दोन. एक, ऑपरेशन करून स्वरयंत्र सगळं काढायचं. मग श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा, आणि स्वतःचा आवाज कायमचा जाणार. नंतर यंत्र लावून थोडंफार बोलता येतं. दुसरी वाट किरणांची आणि औषधांची. त्यात आवाज कदाचित राहील, पण इतक्या पुढं गेलेली गाठ पुन्हा उठण्याची भीती जास्त. त्यांचा स्वतःचा कौल ऑपरेशनला होता. मात्र गळा काकांचा आहे, त्या म्हणाल्या, घरी बोला, आठवड्यात सांगा, त्याहून उशीर नको.

जॉबरनं तिथल्या तिथं सांगितलं, किरणं.

घरी आल्यावर कांडीवालीनं त्याला समोर बसवलं. जिवाच्या आकांतानं माणूस बोलतो तसं ती बोलली, आणि तिच्या मते तिच्याजवळ हुकमी पान होतं. "अहो, तुम्हाला आवाज हवाय कशाला? आपण दोघं जन्मभर ओठांनीच बोललो. आपलं काय अडणार आहे?"

 त्याचे ओठ हलले, खात्यात हलायचे तसे, आवाजाशिवाय. "म्हणजे तुझ्या लेखी मी आधीच मुका झालोय."

एवढं बोलून तो उठून गॅलरीत गेला. लेक रडली. जावयानं फोनवरून समजावलं, आणि जावयाचं ऐकल्यासारखं करून जॉबरनं फोन खाली ठेवला. त्याला कोणी चार शब्द सांगायला लागलं की तो एखादी वस्तू उघडायला घ्यायचा. त्या आठवड्यात घरातलं घड्याळ, इस्त्री आणि दाराची कडी, सगळ्यांची आतडी बाहेर आली.

कांडीवालीचे घास कमी झाले आणि विचार ढीगभर वाढले. तिच्या मनात एक काटा होता, तो ती कुणाला दाखवत नव्हती. मी काय रोज ऐकत नाही, हे तिचंच वाक्य. ते तिला भांडी घासताना ऐकू यायचं, आणि त्यासाठी कानात यंत्र लागत नव्हतं.

दवाखान्याची आणखी एक खेप झाली, तपासण्यांची. परत आल्यावर लेक औषधं आणायला गेली आणि कांडीवालीनं तशीच चुलीपुढं जाऊन भाजी फोडणीला टाकली. यंत्र कानातच राहिलं होतं, केसांखाली. काढायचं विसरली. जॉबर मागं त्याच्या स्टुलावर बसला होता.

आणि तिच्या मागून तो घसरता पट्टा बोलायला लागला.

"मीठ आज बेतानं घाल. काल समुद्र केला होतास."

ती वळणार होती. पण पुढचं वाक्य आलं, आणि ते तिला ऐकवायला बोललेलं नव्हतं. त्यात थांबणं नव्हतं, उत्तराची वाट बघणं नव्हतं. "वेणी बघा म्हातारीची. कधीकाळी दोरखंड होता, आता उंदराची शेपूट. तरी ऐटीत घालते." मग खोकला. मग पुन्हा सुरू. जिन्यात भेटलेला माणूस कसा होता, दवाखान्यातल्या पंख्याचं बेअरिंग कसं गेलंय, लेक किती वाळलीय.

तिचा झारा कढईत थांबला होता. ती तो पुन्हा फिरवायला लागली. तिला कळून चुकलं, हे आजचं नाही. ती पाठमोरी झाली की तिला काही ऐकू येत नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि तो वर्षानुवर्षं इथं बसून तिच्या पाठीला सगळं सांगत आला होता. जे तोंडावर बोलवत नाही ते. समोर चार शब्दांचा कंजूष माणूस, मागं असा भरभरून वाहत होता. आवाज कशाला हवाय, असं तिनं विचारलं होतं. यासाठी हवा होता.

"मी बाजूलाच होतो त्या दिवशी," तो मागून म्हणाला. "तू लेकीला म्हणालीस, आवाज आहे तसाच आहे. मला माहीत होतं नाही म्हणून. घाबरलो होतो गं. तू तसं म्हणालीस आणि मला बरं वाटलं. पंखा पिळत बसलो. तू मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेतलंयस, दिसतंय मला. पण हे तुला समोर कसं सांगू."

भाजी खाली लागली. वास आला तशी ती भानावर आली. वळून म्हणाली, "करपली वाटतं," आणि तो ओठांनी म्हणाला, "चालेल." दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं.

ऐकलं मी, असं तिला सांगता आलं असतं. काट्याचं ओझं तिथंच उतरलं असतं. पण सांगितलं असतं तर ती पाठ त्याला पुन्हा मिळाली नसती. आवाज जायचा तेव्हा जाईल, बोलायची जागा आपण आधीच काढून घ्यायची? तिनं तोंड मिटलं.

त्या दिवसापासून तिनं ऑपरेशनचा शब्द काढला नाही. रोज सकाळी गुपचूप यंत्र कानात घालून, वर केस ओढून, ती त्याच्याकडे पाठ करून बसायला लागली. घासलेली भांडी पुन्हा घासली. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. लेक म्हणाली, आई, त्या तांदळात आता औषधालाही खडा उरला नाही. कांडीवाली म्हणाली, तू गप गं.

मागं जॉबर स्वतःशी, म्हणजे तिच्याशी, वाद घालत होता. गळ्याला भोक पडणार, ते साफ कोण करणार, तिला किळस येईल. लेकीच्या घरी फोन केला तर पलीकडे काय, नुसतं फुसफुस ऐकवू? मरण आलं तर येऊ दे, पण येईपर्यंत बोलत तर राहीन. दुसऱ्या दिवशी त्याचं उलट. मग एका सकाळी तो म्हणाला:

"माग बिघडला की मी काय करायचो? एकेक भाग सुटा करून बघायचो, कशावाचून चालतो आणि कशावाचून अडतो. आता तेच केलं. मी गेलो तर तुझी पाठ राहील, पण तिच्या मागं कुणी नसेल. आवाज गेला तर मी असेन. भाग एकच कमी. चालेल माग. खडखडत चालेल." आणि थोड्या वेळानं, "कापू दे त्यांना."

तांदळाच्या ताटात तिचे दोन थेंब पडले. ते तिनं बोटानं तांदळात मिसळून टाकले. दुपारी त्यानं सगळ्यांसमोर ओठांनी आणि उरल्यासुरल्या आवाजात सांगितलं की ऑपरेशनला तयार आहे, तेव्हा तिनं इतकं चकित होऊन दाखवलं की लेकीला वाटलं आईला चक्कर येतेय.

दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी पिशवी भरून झाली, रिक्षा यायला अवकाश होता. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. ओट्यावर काहीच नव्हतं, तरी फडकं फिरवत राहिली. तो मागं येऊन बसला. तिला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करायला सांग, मी तर नळीनंच पिणार. गॅलरीतल्या कुंडीला पाणी जास्त घालू नकोस. मग म्हणाला, "फाटकाबाहेर थांबली होतीस ना त्या संध्याकाळी, मी मुद्दामच मोठ्यानं बोललो होतो. एरवी एवढा आवाज नव्हता माझा." तो हसला, हसता हसता खोकला. "ऐकतेस ना गं?"

तिचं फडकं थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आला तेव्हा नर्सनं पाटी आणि खडू पुढं धरला, त्यानं हातानं बाजूला सारला आणि बायकोकडे बघून ओठ हलवले. तिनं वाचून नर्सला सांगितलं, उशी उंच हवीय म्हणतात. मग त्यांचं संभाषण असं सुरू झालं की शेजारच्या खाटेवरचे लोक तोंडाकडे बघत राहिले. समोरासमोर त्यांचं खरंच काही अडलं नाही, तिनं म्हटलं होतं तसं. नळी निघाली. पुढं किरणंही घ्यावी लागली. गळ्याचं भोक ती रोज साफ करायची, आणि तिला किळस आली नाही. बोलायचं यंत्र त्यानं एकदा लावून पाहिलं, घरघर ऐकून मोटार जळली म्हणाला आणि कपाटात ठेवून दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल, आत्ताच काही सांगता येत नाही.

अडलं ते पाठीचं. ती चुलीपुढं उभी राहायची, यंत्र कानात असायचं, आणि मागं काही नसायचं. फोडणी तडतडायची, नळ ठिबकायचा. स्टुलावर तो बसलेला असायचा, आणि तिच्या पाठीवर गार वाऱ्यासारखी शांतता यायची. एक-दोनदा तिच्या मनात आलं, यंत्र काढून ठेवावं. ठेवलं नाही.

एका सकाळी तिनं दूध तापत ठेवलं होतं. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता, गळ्यातून येणारा, बारीक शिट्टीसारखा. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, हा नुसता श्वास नाही. हा मध्येच तुटतोय, लांबतोय, थबकतोय, पुन्हा घाईनं धावतोय. समोर भिंतीला टेकवलेलं स्टीलचं झाकण होतं, लख्ख घासलेलं. त्यात तो दिसत होता. तिच्या पाठीकडे बघत होता आणि त्याचे ओठ चालू होते.

तिला एका नजरेत वाचता आलं असतं. तिनं हात पुढं केला आणि झाकण पातेल्यावर ठेवून दिलं.

दूध वर यायला वेळ होता. ती पाठ ताठ करून उभी राहिली, जरा डावीकडे सरकून, म्हणजे त्याला नीट समोर येईल अशी. आणि मागचा श्वास एका जागी थबकला, तेव्हा, गोष्ट ऐकणारा देतो तसा, न वळता, तिनं हुंकार दिला. "हं."

मागचा श्वास थांबला. स्टूल किंचित करकरलं. ती वळली नाही.

मग शिट्टी पुन्हा सुरू झाली, सावकाश, पुढचं सांगायला.